मुक्त कर्नलांमधले सहकार्य: कोड उचलणे सोपे, पुढे सांभाळणे कठीण

प्रश्न असा आहे: लिनक्स, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी, ओपनबीएसडी, इलुमॉस हे सगळेच कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचे गाभे, मुक्त आहेत, त्यांचा सोर्स कोणालाही वाचता येतो, तर प्रत्येकाने तेच ग्राफिक्सचे आणि वायफायचे ड्रायव्हर, म्हणजे हार्डवेअर चालवणारा कोड, पुन्हा पुन्हा का लिहावेत? या प्रकल्पांमध्ये सहकार्य होते का, होत असल्यास ते कुठे दिसते, आणि नवख्या माणसाला त्यात शिरकाव कसा करता येईल? एका कर्नलचे ड्रायव्हर दुसऱ्या कर्नलवर नेण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली आहेत, त्या आधारावर हे उत्तर लिहितो.

सहकार्य होते, आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटते त्याहून पुष्कळ अधिक होते. मात्र दोन प्रकल्पांनी बसून करार केला आणि त्यानुसार काम चालले, असे सहसा घडत नाही. ते एखाद्या फाइलीपुरते, एखाद्या सिस्टिम कॉलपुरते (प्रोग्रामने कर्नलकडे काम मागण्याची ठरलेली पद्धत) किंवा दोन्हीकडे ज्याच्या शब्दाला वजन आहे अशा एखाद्या माणसापुरते होते. ते टिकेल की नाही हे ठरवताना लोक परवान्याकडे बोट दाखवतात, आणि परवाना महत्त्वाचा आहेच. पण माझ्या मते त्याहून निर्णायक प्रश्न वेगळा आहे. उचलून आणलेला कोड मूळ प्रकल्पाच्या गतीने पुढे जुळवत राहण्याचा खर्च कोण सोसणार? विरजण शेजारून आणता येते, दही मात्र रोज आपणच लावावे लागते.

आधी परवान्याचे पाहू, कारण तिथे गैरसमज फार आहेत. लिनक्स जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली आहे, बीएसडी कुळातले कर्नल बीएसडी किंवा आयएससी या सैल, म्हणजे श्रेय राखून कोड कुठेही वापरू देणाऱ्या, परवान्यांखाली आहेत, आणि सन कंपनीच्या ओपनसोलारिसमधून आलेले इलुमॉस सीडीडीएल या आणखी वेगळ्या परवान्याखाली आहे. बीएसडीचा कोड लिनक्समध्ये नेता येतो. केवळ जीपीएलखाली असलेला कोड बीएसडीच्या मुख्य कर्नलमध्ये घेतला तर तयार होणाऱ्या संपूर्ण कर्नलवर जीपीएलच्या अटी लागू होतात, आणि ते त्या प्रकल्पांना मान्य नाही. कागदावर ही वाट एकेरी दिसते. प्रत्यक्षात मात्र लिनक्समधला हार्डवेअरशी बोलणारा बराचसा कोड उत्पादक कंपन्यांनीच लिहिलेला असतो, आणि त्यांपैकी अनेकांनी तो दुहेरी परवान्याखाली किंवा तशाच सैल एमआयटी परवान्याखाली दिलेला आहे. इंटेलच्या वायफाय ड्रायव्हरमधल्या अनेक फाइली जीपीएल आणि बीएसडी अशा दोन्ही परवान्यांखाली आहेत, आणि ग्राफिक्सच्या कोडचा मोठा भाग एमआयटी परवान्याखाली आहे. वाट उघडी राहिली ती यामुळे.

हे जवळून पाहायचे असेल तर ओपनबीएसडी किंवा फ्रीबीएसडीच्या सोर्समधला इंटेल वायफायचा आयडब्ल्यूएम हा ड्रायव्हर उघडा आणि कोड सुरू होण्याआधीची टिप्पणी शांतपणे वाचा. तिथे एकाखाली एक परवान्याच्या नोंदी रचलेल्या आहेत. पहिली हा ड्रायव्हर ओपनबीएसडीसाठी लिहिणाऱ्यांची. तिच्याखाली असे स्पष्ट नमूद केले आहे की लिनक्सच्या आयडब्ल्यूएल-वायफाय ड्रायव्हरमधले बीएसडी परवान्याखालचे भाग संदर्भ-दस्तऐवज म्हणून वापरले. मग इंटेलची स्वतःची दुहेरी परवान्याची नोंद, आणि शेवटी ज्या जुन्या बीएसडी ड्रायव्हरांवरून रचना घेतली त्यांच्या लेखकाची नोंद. फ्रीबीएसडीच्या प्रतीत वर ओपनबीएसडीची आवृत्ती दाखवणारी खूणही सापडते, म्हणजे ही प्रत कोणत्या टप्प्यावर फुटली ते कळते. हा ड्रायव्हर 2015 मध्ये ओपनबीएसडी 5.7 सोबत आला, तिथून इतर बीएसडींमध्ये गेला, आणि मुळात फ्रीबीएसडीच्या नेटवर्क ड्रायव्हरांसाठी सुसंगततेचा थर (दुसऱ्या कर्नलचा कोड जसाच्या तसा चालावा म्हणून मधे घातलेला कोड) बांधलेल्या हायकू या आणखी एका मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमने पुढे ओपनबीएसडीच्या वायफाय ड्रायव्हरांसाठीही तसाच थर उभा केला. कोणत्याही दोन प्रकल्पांत सामंजस्य करार झाला नाही, आणि तरीही इंटेलच्या अभियंत्यांचे ज्ञान कितीतरी कर्नलांपर्यंत पोहोचले. त्या चार नोंदी जागेवर राहिल्या म्हणूनच हे शक्य झाले.

नोंदी जागेवर राहिल्या नाहीत तर काय होते, हे 2007 ने दाखवले. एथेरॉसच्या वायफाय चिपसाठी ओपनबीएसडीमध्ये हार्डवेअरचा उलट अभ्यास करून मुक्त कोड लिहिला गेला होता. त्यावर आधारलेला ड्रायव्हर लिनक्ससाठी तयार होत असताना काही प्रस्तावित पॅचमधून (कोडमधल्या बदलांच्या फाइलींमधून) मूळ परवान्याची नोंद काढून तिथे जीपीएल घालण्यात आले. मूळ लेखकाच्या संमतीवाचून असे करता येत नाही. ओपनबीएसडीच्या बाजूने जोरदार आक्षेप आला, प्रकरण वकिलांपर्यंत गेले, आणि सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने जीपीएल प्रकल्पात सैल परवान्याच्या फाइली कशा सांभाळाव्यात याची मार्गदर्शिका काढली: मूळ नोंद जशीच्या तशी ठेवा, आणि शक्य असेल तिथे आपली भरही त्याच परवान्याखाली द्या म्हणजे ती मूळ घरी परत जाऊ शकेल. त्याच वर्षी उलटेही घडले होते. ब्रॉडकॉमच्या चिपसाठी ओपनबीएसडीत चालू असलेल्या कामात लिनक्सच्या जीपीएल ड्रायव्हरमधला कोड आढळला, जाहीर वाद झाला, आणि तो ड्रायव्हर काढून टाकावा लागला. या दोन्ही प्रकरणांत कायद्याचा मुद्दा सरळ होता. कटुता वाढली ती खासगीत एक पत्र लिहून सुटणारी गोष्ट थेट चव्हाट्यावर आल्यामुळे. आज बहुतेक अनुभवी मेंटेनर, म्हणजे कोडचा एखादा भाग सांभाळणारे विकासक, आधी खासगीत विचारतात, त्यामागे हे वर्ष आहे.

आता खर्चाचा मुद्दा, आणि त्यासाठी ग्राफिक्सइतके बोलके उदाहरण नाही. डायरेक्ट रेंडरिंग मॅनेजर, म्हणजे डीआरएम, हा कर्नलमधला ग्राफिक्सचा भाग एके काळी खरोखर सामाईक होता. त्याचा सोर्स एका वेगळ्या ठिकाणी राहत असे आणि त्यात तीन डिरेक्टऱ्या होत्या: एक सामाईक कोडची, एक लिनक्सची, एक बीएसडीची. नवीन चिपचे काम सामाईक भागात केले की ते दोन्हीकडे पोहोचे. ही घडी 2008-09 च्या सुमारास मोडली, आणि ती कोणी रागाने मोडली नाही. ग्राफिक्सची स्मृती कर्नलनेच सांभाळायची आणि पडद्याचा मोडही कर्नलनेच ठरवायचा, असा बदल तेव्हा आला. लिनक्स 2.6.29 मध्ये, म्हणजे 2009 साली, इंटेलच्या चिपसाठी हे सुरू झाले. स्मृती सांभाळायची म्हटल्यावर कोड त्या कर्नलच्या व्हर्च्युअल मेमरीच्या आतड्यांत शिरतो, आणि तिथे लिनक्स आणि बीएसडी यांच्यात साम्य फारसे नाही. विकास लिनक्सच्या मुख्य सोर्समध्ये हलला आणि सामाईक डिरेक्टरी ओस पडली.

बीएसडींना मग प्रत आणून जुळवण्यावाचून गत्यंतर नव्हते. फ्रीबीएसडीने फाउंडेशनच्या निधीतून इंटेलचा नवा ड्रायव्हर हाताने आपल्या कर्नलच्या पद्धतीत उतरवला आणि तो 2012 च्या अखेरीस 9.1 मध्ये आला. काम दर्जेदार होते, पण लिनक्स दर दोन-अडीच महिन्यांनी नवी आवृत्ती काढते आणि कर्नलच्या आतले इंटरफेस स्थिर ठेवण्याची हमी जाणूनबुजून देत नाही. हाताने उतरवलेली प्रत वर्षभरात शिळी होते, आणि ती ताजी करणे म्हणजे जवळपास पहिल्यापासून सुरुवात. म्हणून पुढे पद्धतच बदलली: लिनक्सचा कोड शक्यतो न बदलता घ्यायचा आणि त्याच्याखाली लिनक्ससारखा भासणारा थर उभा करायचा. फ्रीबीएसडीत या थराचे नाव लिनक्स-केपीआय. तो मुळात इन्फिनीबँड या वेगवान नेटवर्कच्या ड्रायव्हरांसाठी आला होता, ग्राफिक्ससाठी वाढला, आणि अलीकडे इंटेलचा वायफाय ड्रायव्हरही त्याच्यावर चालवला जातो.

हा थर लिहिणे म्हणजे नावांची यादी बदलणे, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात नावे सारखी आणि अर्थ वेगळे, ही खरी अडचण असते. लिनक्समध्ये म्यूटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) हातात ठेवून थ्रेड, म्हणजे चालू कामाचा एक धागा, झोपू शकतो, म्हणजे थांबून वाट पाहू शकतो. फ्रीबीएसडीचा म्यूटेक्स घेऊन मात्र झोपता येत नाही. त्यामुळे लिनक्सच्या म्यूटेक्सला फ्रीबीएसडीच्या म्यूटेक्सशी जोडले तर कर्नल कोसळतो. तो झोपेला परवानगी देणाऱ्या एसएक्स लॉकशी जोडावा लागतो. लिनक्सचा स्पिनलॉक, म्हणजे न झोपता फिरत वाट पाहायला लावणारे कुलूप, मात्र फ्रीबीएसडीच्या साध्या म्यूटेक्सशी जोडला तर चालतो, कारण तिथे इंटरप्ट (हार्डवेअरने दिलेली हाक) हाताळणारा बहुतेक कोड स्वतंत्र थ्रेडमध्ये धावतो आणि प्रत्येक ठिकाणी इंटरप्ट बंद करून फिरत राहण्याची गरज नसते. आरसीयू या कुलपाशिवाय वाचू देणाऱ्या पद्धतीचे वागणे एका वेगळ्या लायब्ररीच्या साहाय्याने घडवावे लागले. असा एकेक निर्णय चुकला तर दोष लगेच दिसत नाही. लॅपटॉप झोपवून उठवला, बाहेरचा मॉनिटर काढला, की मग यंत्र गोठते, आणि शोधणारा ड्रायव्हरमध्ये शोधत बसतो.

ओपनबीएसडीनेही हीच कल्पना वापरली, पण आपल्या स्वभावानुसार. थर लहान, मुख्य सोर्समध्येच, आणि लिनक्सच्या दीर्घकाळ चालणाऱ्या आवृत्तीला धरून: 7.4 मध्ये लिनक्स 6.1 चा ग्राफिक्स कोड, 7.5 मध्ये 6.6 चा. फ्रीबीएसडीने उलट जुनी प्रत मुख्य सोर्समधून काढली आणि ग्राफिक्स ड्रायव्हर पोर्ट, म्हणजे वेगळे बसवायचे पॅकेज, म्हणून बाहेर ठेवले, म्हणजे त्यांची गती आणि कर्नलची गती वेगळी राहू शकते. दोन्ही निर्णय समर्थनीय आहेत. फ्रीबीएसडीच्या पद्धतीत कर्नल अद्ययावत केल्यावर बाहेरचा मॉड्यूल जुळत नाही आणि पडदा काळा राहतो, हा अनुभव वापरणाऱ्यांना येतो. ओपनबीएसडीच्या पद्धतीत लाखो ओळींचा तो कोड मुख्यतः एकदोन माणसांच्या चिकाटीवर उभा आहे. मला व्यक्तिशः दुसरी पद्धत अधिक आवडते, पण ती एका माणसाच्या निवृत्तीइतकीच टिकाऊ आहे हेही दिसते.

इथे कोणी विचारेल की सगळ्यांनी मिळून एक स्थिर ड्रायव्हर इंटरफेस का ठरवू नये. 1990 च्या दशकाच्या अखेरीस यूडीआय नावाने तो प्रयत्न झाला होता. मुक्त प्रकल्पांनी त्याच्याकडे पाठ फिरवली, कारण त्याचा पहिला लाभ बंद ड्रायव्हर वाटणाऱ्यांना झाला असता. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखे फारसे नाही.

झेडएफएसची गोष्ट ग्राफिक्सच्या उलट दिशेने गेली, म्हणून ती महत्त्वाची. ही फाइल सिस्टिम 2005 मध्ये ओपनसोलारिससोबत खुली झाली, 2007 मध्ये फ्रीबीएसडीत उतरवली गेली, आणि लिनक्ससाठीचे काम अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत वाढले. 2010 मध्ये ऑरॅकलने सन कंपनी ताब्यात घेतल्यावर सोर्स पुन्हा बंद झाला आणि इलुमॉस हे मुक्त प्रतीचे घर बनले. 2013 मध्ये ओपनझेडएफएस या नावाखाली सगळे एकत्र आले, तरी सोर्स वेगवेगळेच होते आणि इलुमॉसला मूळ मानून प्रत्येक जण तिथून बदल आणत असे. मग हळूहळू काम करणारी माणसे आणि कंपन्या लिनक्सकडे सरकल्या. डिसेंबर 2018 मध्ये फ्रीबीएसडीच्या बाजूने जाहीर झाले की यापुढे मूळ प्रत म्हणून लिनक्सची प्रत धरली जाईल. ज्या प्रकल्पाने अकरा वर्षे आपला झेडएफएस सांभाळला त्याने असे म्हणणे सोपे नव्हते. पण त्यांनी नुसती प्रत उचलली नाही. लिनक्सच्या त्या सोर्समध्ये फ्रीबीएसडीला पहिल्या दर्जाची जागा मिळवली. आज त्या सोर्समध्ये दोन्ही कर्नलांसाठी स्वतंत्र डिरेक्टऱ्या आहेत, बाकी सगळे सामाईक आहे, आणि कोणीही पॅच दिला की त्याची चाचणी दोन्हींवर होते. 30 नोव्हेंबर 2020 ला आलेली ओपनझेडएफएस 2.0 ही या एकीकरणाची पहिली आवृत्ती, आणि फ्रीबीएसडी 13.0 तिच्यासह आले. फ्रीबीएसडीला एन्क्रिप्शन मिळाले, लिनक्सला फ्रीबीएसडीच्या बाजूने आलेले झेडस्टँडर्ड कॉम्प्रेशन मिळाले.

गंमत अशी की लिनक्सच्या मुख्य सोर्समध्ये हा कोड सीडीडीएल परवान्यामुळे जाऊ शकत नाही, आणि माझ्या मते एकीकरण शक्य झाले ते काही अंशी त्यामुळेच. तो बाहेर राहिला म्हणून कर्नलशी बोलणारा भाग वेगळा ठेवणे भागच होते, आणि ती शिवण आधीपासून असल्यामुळे दुसरा कर्नल तिथे जोडता आला. डीआरएम लिनक्सच्या आत गेले आणि ती शिवण विरली. अर्थात बाहेर राहण्याची किंमतही आहे: 2019 मध्ये लिनक्स 5.0 ने एक अंतर्गत फंक्शन बाहेरच्या मॉड्यूलांना देणे थांबवले आणि झेडएफएसचे चेकसम (मजकूर बिघडला का हे तपासणारा आकडा) वेगाने काढण्याचे काम काही काळ अडले. शिवाय सामाईक कोड म्हणजे सामाईक दोष. नोव्हेंबर 2023 मध्ये क्वचित परिस्थितीत फाइलींचा मजकूर बिघडवणारा एक जुना दोष उघडकीस आला तेव्हा लिनक्स आणि फ्रीबीएसडी दोन्हींना एकाच वेळी धावपळ करावी लागली. दुरुस्तीही दोघांना एकच पुरली.

पीएफ या फायरवॉलचे उलट झाले. 2001 मध्ये ओपनबीएसडीत परवान्याच्या वादातून तो जन्मला, फ्रीबीएसडीने घेतला, मग फ्रीबीएसडीने अनेक प्रोसेसरांसाठी त्याचे लॉकिंग खोलवर बदलले आणि ओपनबीएसडीने 4.7 मध्ये नियमांची भाषाच बदलली. दोघांनीही आपापल्या गरजेनुसार योग्य तेच केले, आणि त्यानंतर कितीतरी वर्षे दोन पीएफ नावाने एक आणि व्यवहारात दोन राहिले. अलीकडे फ्रीबीएसडीत ओपनबीएसडीकडचे बदल एकेक करून आणण्याचे काम चालले आहे, पण दुरावा वाढू दिल्यावर त्याची वसुली अशी व्याजासह होते.

कोड न हलता केवळ कल्पना किंवा इंटरफेस हलतो, ते सहकार्य सर्वांत स्वस्त आणि माझ्या दृष्टीने सर्वांत कमी कौतुक झालेले आहे. 2014 मध्ये ओपनबीएसडीच्या मंडळींनी लिब्रेएसएसएल ही आपली एन्क्रिप्शन लायब्ररी लिनक्सवर नेताना तक्रार केली की फाइल न उघडता कर्नलकडून यादृच्छिक बाइट मिळवण्याची सोय लिनक्सवर नाही. त्याच वर्षी लिनक्स 3.17 मध्ये गेटरँडम हा सिस्टिम कॉल आला, आणि पुढे फ्रीबीएसडीनेही तो त्याच नावाने घेतला. क्लोज-रेंजचे उदाहरण आणखी नेटके आहे. एका पट्ट्यातले सगळे फाइल डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे क्रमांक) एकदम बंद करणारा हा कॉल लिनक्ससाठी मांडला गेला असताना फ्रीबीएसडीच्या विकासकाने संपर्क साधला, दोघांनी कॉलची आर्ग्युमेंट जुळवून घेतली, आणि फ्रीबीएसडीने तो एप्रिल 2020 मध्येच स्वीकारला. लिनक्समध्ये तो त्या वर्षीच्या 5.9 मध्ये पोहोचला. लिनक्सच्या कमिट संदेशात (बदलासोबतच्या टिपणात) या समन्वयाचा उल्लेख आहे. काही पत्रांची देवाणघेवाण एवढाच याचा खर्च, आणि लाभ असा की प्रोग्राम लिहिणाऱ्याला दोन वेगळ्या शाखा लिहाव्या लागत नाहीत.

हार्डवेअरचे वर्णन हीही अशीच तटस्थ जागा आहे. व्हर्टआयओ या आभासी यंत्रांच्या हार्डवेअर-मानकाच्या हेडर फाइली लिनक्सच्या सोर्समध्ये असूनही मुद्दाम बीएसडी परवान्याखाली ठेवल्या आहेत, कोणीही जुळणारा ड्रायव्हर लिहावा म्हणून. एसीपीआयसाठी (हार्डवेअरची माहिती आणि वीज-व्यवस्थापन कर्नलला पुरवणारे मानक) इंटेलने लिहिलेला सामाईक कोड लिनक्स, फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी वापरतात. ओपनबीएसडीने स्वतःचा लिहिला. अॅपलच्या एम1 यंत्रांवर तर या यंत्रांवर लिनक्स नेणाऱ्या ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पाच्या लोकांनी बूटलोडरचा पहिला टप्पा एमआयटी परवान्याखाली दिला, आणि ओपनबीएसडीच्या एका विकासकाने यू-बूट या बूटलोडरमध्ये या यंत्रांची सोय केली, जी ‘असाही’ स्वतः वापरते. लिनक्सच्या सोर्समध्ये अॅपलच्या पीसीआय कंट्रोलरचे डिव्हाइस ट्रीतले (कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या यादीतले) वर्णन कसे असावे हे सांगणारी फाइल आहे, तिच्यात मेंटेनर म्हणून याच विकासकाचे नाव आहे.

सुरक्षेच्या बाबतीत मात्र चित्र चांगले नाही. मेल्टडाउन आणि स्पेक्टर हे प्रोसेसरमधले दोष जानेवारी 2018 मध्ये जाहीर झाले. फ्रीबीएसडीला त्याची सूचना डिसेंबरच्या अखेरीस मिळाली, ओपनबीएसडीला मिळालीच नाही. त्याआधी वायफायमधल्या क्रॅक दोषाची दुरुस्ती ओपनबीएसडीने जाहीर तारखेच्या आधी प्रसिद्ध केली होती, आणि पुढच्या वेळी त्यांना उशिरा कळवू असे संशोधकाने सांगितले होते. जून 2018 मध्ये एफपीयूच्या (प्रोसेसरमधल्या दशांश गणिताच्या भागाच्या) आळशी, म्हणजे गरज पडेपर्यंत लांबवलेल्या, अदलाबदलीतल्या दोषाविषयी ओपनबीएसडीने कुणकुणीवरून अंदाज बांधून दुरुस्ती केली. गुप्तता पाळली नाही म्हणून कळवत नाहीत, आणि कळवलेच नाही म्हणून पाळण्याचे बंधन नाही, असे हे वर्तुळ आहे. मला दोन्ही बाजूंची चूक दिसते, पण अधिक दोष चिप बनवणाऱ्यांचा वाटतो. कोणाला कळवायचे हे त्यांनी बाजारातल्या वाट्यावरून ठरवले, आणि प्रोसेसर तर सगळ्यांकडे तेच होते.

नवख्याने कुठून सुरुवात करावी? नवा ड्रायव्हर उतरवण्यापासून करू नये. एखाद्या प्रकल्पात दुरुस्त झालेला दोष त्याच कोडच्या दुसऱ्या प्रतीत अजून आहे का, हे तपासा. फाइलीच्या माथ्यावरच्या आवृत्तीच्या खुणा तुम्हाला प्रत कुठून फुटली ते सांगतील, आणि गूगलचा सिझबॉट लिनक्स, फ्रीबीएसडी, नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी या सगळ्यांवर आपोआप सापडलेले दोष जाहीरपणे मांडतो, तिथेही पाहा. दुरुस्ती नेताना मूळ कमिटचा उल्लेख आणि मूळ लेखकाचे नाव संदेशात लिहा, परवान्याच्या नोंदीतला एक शब्दही हलवू नका, आणि पॅच ज्या यंत्रावर चालवून पाहिला त्याचे मॉडेल सांगा. पहिले पॅच दोन-चार ओळींचे असले तरी मेंटेनर ते आनंदाने घेतात. मोठे काम हाती घ्यायचे ठरवलेच तर पहिल्या पत्रात एवढे अवश्य लिहा की मूळ ड्रायव्हर बदलला की नवी प्रत कोण जुळवणार आहे आणि किती काळ. मेंटेनर तुमचा कोड वाचण्याआधी तेच वाचेल.